घसरणारा क्लच आणि पसरणीचा घाट

पत्र:

नमस्कार. आमच्याकडे २०१२ ची वॅगन-आर आहे. पेट्रोल, ह्यांच्या नावावर, पहिल्यापासून एकाच हातात, ७८ हजार किलोमीटर फिरलेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ह्यांचं गाडी चालवणं बंद झालं आणि गेलं दीड वर्ष ती अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. विमा मागच्या गणपतीत संपला. क्लच घसरतो, एसी गार होत नाही, डाव्या दरवाजाला पोचा आहे. २०१६ मध्ये पुढून ठोकली होती, तेव्हा बॉनेट आणि बंपर बदलले. गॅरेजवाला म्हणतो, ५५ हजार घाला, दीड लाखाला विकून देतो. आहे तशी १ लाख १० हजारांच्या वर जाणार नाही. मुलगा पुण्याहून सांगतो, चकाचक करूनच विका. एक दलाल येऊन गेला. तो म्हणतो, एक लाख रोख घ्या, फॉर्मवर सह्या करून ठेवा, नाव मी नंतर बदलून घेतो. आणि आता माझ्या नणंदेचा मुलगा म्हणतोय, मामी, मलाच द्या. तो वाईला राहतो, नोकरी पाचगणीला. ह्यांचं म्हणणं, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर आपण होऊन कशाला? दुरुस्त न करता विकली तर फसवल्यासारखं होईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर:

ताई,

दुरुस्ती न करता गाडी विकण्यात काहीही गैर नाही. अडचण तुमच्या यजमानांच्या त्या एका वाक्यात आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी हिशेब उरकून घेऊ, कारण मुलगा तिथे अडून बसलाय.

५५ हजार घालून दीड लाख आले, तर हातात राहिले ९५ हजार. न घालता १ लाख १० हजार. म्हणजे चकाचक करण्याच्या हौसेपायी १५ हजार आणि एक महिना जाणार. हे आकडे खुद्द गॅरेजवाल्यानंच दिलेत. त्याला त्यातली वजाबाकी दिसली नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या बाजूनं ती बेरीज आहे.

जुन्या गाडीवर विकण्यासाठी केलेला मोठा खर्च सहसा वसूल होत नाही, याचं कारण साधं आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग हे काम तुम्ही करून घ्याल ते गिऱ्हाइकाच्या दरानं. घेणारा धंद्यातला असेल तर तेच काम तो आपल्या माणसाकडून बऱ्याच कमी पैशात करून घेतो, आणि भाव लावताना तुमचा खर्च मोजत नाही, आपला मोजतो. घेणारा घरगुती असेल तर त्याचा तुमच्या दुरुस्तीवर विश्वास बसत नाही. विकायच्या आदल्या महिन्यात टाकलेला पार्ट कुठल्या दर्जाचा असेल, असं त्याच्या मनात येतं, आणि तो चुकत नाही.

रंगाचं तर उलटंच होतं. मी माझी जुनी मारुती ८०० विकायच्या आधी हौसेनं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. पहिलाच माणूस आला, गाडीभोवती एक फेरी मारली, बोटानं दरवाजा टकटक वाजवला आणि म्हणाला, "कुठं ठोकली होती?" कुठंच ठोकली नव्हती, उन्हानं रंग उडाला होता इतकंच. त्याला ते पटलं नाही आणि मलाही सिद्ध करता येईना. उडालेला रंग त्यानं चालवून घेतला असता. तुमच्या दरवाजाचा पोचा आहे तिथेच राहू द्या. तो दिसतो, त्यामुळे त्याबद्दल कुणाला शंका येत नाही.

मग काहीच करायचं नाही का? दोन-चार गोष्टी करायच्या, पण त्या दुरुस्तीत मोडत नाहीत. दीड वर्ष उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असणार. किल्ली फिरवल्यावर नुसतं टिकटिक वाजलं तर घेणारा मनातल्या मनात इंजिनाचे पैसे कापतो. तेव्हा बॅटरी चार्ज करून पाहा, नाहीच धरली तर नवी टाका. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा. अंगणातल्या गाडीत त्यांचा संसार हमखास असतो. चाकांत हवा भरा, गाडी आतून-बाहेरून धुवा. आणि ब्रेक तपासून घ्या. एवढा एकच खर्च मी तुम्हाला सक्तीनं करायला लावेन. उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो, कधी ब्रेक धरून बसतात, कधी लागतच नाहीत, आणि परका माणूस चालवून बघायला बसणार असतो.

चालवून बघण्याआधी विमाही हवा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी भीती अशी की, त्या अर्ध्या तासात कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या घरातून जाईल. तुमची वॅगन-आर ९९८ सीसीची. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता जून २०२२ मध्ये ठरला तो २,०९४ रुपये, वर कर. विकायला तेवढा विमा पुरतो. पीयूसीही काढून घ्या, कारण नाव बदलायला दोन्ही कागद लागतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यानं नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली नसेल तर तीही बसवा, नाहीतर आरटीओत काम अडतं.

आता ते वाक्य. "विचारलं तर सांगायचं."

तुमचे यजमान एकटे नाहीत. या वाक्याला आपल्याकडे कायद्याचाही थोडा आधार आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचा सूरच असा की, घेणाऱ्यानं नीट पाहून घ्यावं. विकणाऱ्यानं आपोआप हमी दिली असं धरायचं नाही. त्याहून जुना १८७२ चा करार कायदा. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगताना उदाहरण घेतलंय घोड्याचं. लिलावात एकानं दुसऱ्याला घोडा विकला. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होतं, तो गप्प राहिला. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही.

यजमानांना हे वाचून दाखवलंत तर ते खूश होतील, म्हणून पुढची दोन उदाहरणंही लगेच वाचून दाखवा. दुसऱ्यात घोडा घेणारी आहे विकणाऱ्याचीच मुलगी, नुकतीच सज्ञान झालेली. तिथे कायदा म्हणतो, हे नातं असं आहे की सांगणं हे बापाचं कर्तव्यच ठरतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालतो." विकणारा गप्प. इथं त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच. दीडशे वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या जागी वॅगन-आर ठेवून बघा. तुमच्या अंगणात चहा पिता पिता येणारा प्रत्येक गिऱ्हाईक ते तिसरं वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात बोलणारच: "बाकी काही काम नाही ना, काका?" तिथे काकांनी नुसती मान हलवली किंवा विषय बदलला, तरी ते बोलणंच झालं.

आणि दोष झाकण्यासाठी काही केलं, तर वर "आहे त्या स्थितीत विकली" असं कितीही ठळक लिहा, उपयोग नाही. क्लचची पेडल तात्पुरती जुळवून देणं, चेक इंजिनचा दिवा काढून टाकणं, किलोमीटर मागे फिरवणं, या सगळ्याला कायद्यात फसवणूक म्हणतात आणि घेणारा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

भाच्याचं म्हणाल तर मला कायद्याचीही गरज वाटत नाही. तो रोज वाईहून पाचगणीला जाणार, म्हणजे रोज पसरणी घाट. घसरणाऱ्या क्लचची गाडी साताऱ्याच्या सपाट रस्त्यावर नुसती रडत चालते. घाटात ती वळणावर इंजिनाचा आवाज वाढवते आणि जागची हलत नाही, जळका वास सुटतो, मागे एसटी उभी असते. उतरताना गिअरमध्ये ठेवून वेग धरायचा म्हटलं तर क्लच तिथेही दगा देतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हे माहीत असताना त्यानं विचारलं नाही म्हणून गप्प बसणं तुम्हाला जमणार नाही, ताई. जमलं असतं तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं.

त्याला असं सांगा: "बाळा, क्लच गेलाय. तो बदलल्याशिवाय घाटात न्यायची नाही. एसी बंद आहे, २०१६ ला पुढून ठोकली होती. तुझ्या वाईच्या मिस्त्रीला घेऊन ये, दाखव, त्याच्याकडून खर्च काढून घे, मग भाव बोलू." मिस्त्री त्याचा असू द्या, तुमचा नको. उद्या काही निघालं तर "मामाच्या ओळखीच्या माणसानं पास केली होती" हे वाक्य नात्यात येता कामा नये. त्याच्याकडे गाडीचे पैसे आहेत पण क्लचचे नाहीत असं दिसलं, तर मी त्याला विकणार नाही. पाच-दहा हजारांनी स्वस्त द्यायची असेल तर जरूर द्या, मामा-मामी आहात. पण "निम्मे आता, निम्मे दिवाळीला" हे नको. आणि नाव बदलण्याची घाई नात्यातही तेवढीच करा.

ठोकलेलं लपतही नाही, हे मुलाला सांगा. बॉनेटच्या नटांवर पान्याचे ओरखडे असतात. एखादी काच बदलली असेल तर तिच्यावरची खूण बाकीच्या काचांशी जुळत नाही. जाणता माणूस दहा मिनिटांत ओळखतो. तुम्ही आधीच सांगितलं असेल तर तो मान डोलावून पुढे जातो. नसेल सांगितलं, तर यांनी आणखी काय दडवलंय हे शोधत बसतो आणि जे सापडत नाही त्याचेही पैसे कापतो.

म्हणून भाचा नाही म्हणाला आणि जाहिरात द्यायची वेळ आली, तर ती अशी द्या: "वॅगन-आर २०१२, पेट्रोल, एकच मालक, ७८ हजार किमी. आहे त्या स्थितीत विकणे. क्लच बदलावा लागेल. एसी चालत नाही. डाव्या दरवाजाला पोचा. २०१६ मध्ये पुढून ठोकली होती, बॉनेट-बंपर बदललेले. दीड वर्ष उभी होती, आता चालू आहे. इंजिन आणि ब्रेक आपल्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. कागदपत्रं पूर्ण. नाव लगेच बदलून घेणाऱ्यानंच फोन करावा." यानं फोन कमी येतील. जे येतील ते यादी वाचून आलेले असतील, आणि अंगणात उभं राहून "अरे, क्लच पण गेलाय?" असं नाटक करून त्यांना भाव पाडता येणार नाही. क्लचचे पैसे एकदाच कापले जातील.

ताबा देताना हीच यादी कागदावर उतरवा: गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, किलोमीटर, किंमत, दोष, तारीख आणि वेळसुद्धा. वेळ महत्त्वाची, कारण दुपारी चारला गाडी गेली आणि सहाला कुठे सिग्नल तोडला, तर तो कुणी तोडला हे कळायला हवं. दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा, सोबत घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि गाडीसह त्याचा एक फोटो.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला क्लचची भीती वाटली नाही, त्या दलालाची वाटली. "सह्या करून ठेवा, नाव नंतर."

मी हे एकदा केलंय. ओळखीतल्या एकाला स्कूटर दिली, फॉर्मवर सह्या केल्या, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात करतो. दोन वर्षं मला ई-चलनं येत राहिली. एका फोटोत तिघं बसलेले, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, आणि मागचा कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतोय. दंड माझ्या नावावर. तरी मी सुटलो, कारण त्यांनी कुणाला उडवलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण निकाली निघालं. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे आणखी हात बदललेले, २००९ मध्ये अपघात. आरटीओच्या नोंदीत नाव मात्र पहिल्याच मालकाचं. न्यायालयानं म्हटलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसानं गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली हे शोधत फिरायचं का, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच आहे.

तेव्हा नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे ठेवून सही करायची नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आधी, सही नंतर. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस असतात. त्याच्या ३० ची वाट बघू नका. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. मुलगा पुण्यात बसून सल्ले देतोच आहे, तर हे काम त्यालाच द्या. जमलं तर पूर्ण पैसे आणि ऑनलाइन अर्जाची पावती हातात आल्यावरच किल्ली सोडा.

दलाल मात्र घोड्यासारखा उधळेल, कारण तो गाडी स्वतःच्या नावावर घेतच नाही. पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती तुमच्याच नावावर फिरवतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम आलाय. आरटीओकडून अधिकृत झालेला विक्रेता गाडी ताब्यात घेतो तेव्हा तशी सूचना फॉर्म २९-सी वर पोर्टलवर द्यायची, आणि तिथून पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. त्या गृहस्थांना विचारा, तुमच्याकडे अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का? असेल तर एक लाखाचा व्यवहारही वाईट नाही, दगदग वाचते. नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

एक-दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, पण तपासा. गाडी कर्जावर घेतली होती का? हप्ते फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. तो बोजा उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि जुन्या एनओसीची मुदत गेली असेल तर नवी मागावी लागते. विकायला काढायच्या आधी हे करा. जुनी ई-चलनं थकली असतील तर भरून टाका. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल. यजमानांनी कुठेतरी वाचलं असेल की जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धंदा करणाऱ्यांना, त्यांच्या नफ्यावर. तुम्हाला नाही.

आणि उशीर करू नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे तुमची २०२७ मध्ये संपते. पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण तपासणी आणि पर्यावरण कर आला. ती तारीख आरसीवर छापलेली असते आणि घेणारा पहिल्यांदा तीच बघतो. दिवाळीनंतर बघू, संक्रांतीनंतर बघू, असं करत गेलात तर भाव आपोआप उतरेल आणि शेवटी भंगाराचाच विचार करावा लागेल. तशी वेळ आलीच तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि प्रमाणपत्र घ्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिलेली गाडी तुटते, पण तिचा नंबर जिवंत राहतो.

फोनवर न बघताच "पक्की, पैसे पाठवतो" म्हणून क्यूआर कोड पाठवणारा भेटला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

दुसरी किल्ली मात्र आजच शोधायला घ्या. ती नसली की घेणारा दोन-तीन हजार कापतोच, आणि बहुतेक वेळा ती देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांखाली असते.